दोन डोळ्यांची टिपरी

"आत्ती, एक विचारतो. रिप्रोड्यूस म्हंजे कॉपी की बाळ?"

आषाढातली संध्याकाळ होती. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीवर पत्रे आहेत. त्यांवर पाऊस असा कोसळत होता की भाचीला प्रश्न दोनदा विचारावा लागला. ती दहावीला आहे, इंग्रजी माध्यमात, दुसरी भाषा कन्नड. माझा भाऊ निपाणीकडं वेदगंगेच्या काठच्या गावात ऊस करतो. दोन वर्षांपूर्वी शाळेसाठी त्यानं लेकीला आमच्याकडं ठेवलं. आमच्या भागातल्या मुली 'मी येतो, मी जातो' म्हणतात, तशी तीही म्हणते. तिच्या मांडीवर विज्ञानाचं पुस्तक होतं आणि धड्याचं नाव होतं 'हाऊ डू ऑर्गॅनिझम्स रिप्रोड्यूस'. त्याच पुस्तकात सुरुवातीला, छपाईचा मजकूर असतो त्या पानावर, पुन्हा तोच शब्द होता: परवानगीशिवाय या पुस्तकाचा कोणताही भाग रिप्रोड्यूस करू नये. सुरुवातीला मनाई आणि आत त्याचाच धडा. पोरीला कोडं पडलं होतं.

मी शेंगा सोलत होते. म्हटलं, "वाक्यावर असतंय ते. कागदाचं असलं तर नक्कल, जिवाचं असलं तर पिल्लं." तिनं ते पेन्सिलीनं समासात लिहून घेतलं. मग पान उलटून म्हणाली, "पण आत बी कॉपीच लिहिलंय की. डीएनएची कॉपी काढणं हेच मुख्य काम म्हणून लिहिलंय. मग बाळ म्हंजे बी कॉपीच की नाही?"

"हात धू आणि ताटं घे," असं म्हणून मी उठले. ते उत्तर नव्हतं, हे तिलाही कळलं.

खरं म्हणजे हा प्रश्न माझ्या धंद्याचा आहे. तीस वर्षं मी नकलाच काढते. कचेरीपासून चार पावलांवर आमचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळी मशीन तापेपर्यंत एक वास येतो, थोडा जळकट, थोडा नव्या कागदाचा. त्या वासावर माझा दिवस सुरू होतो. झाकणाखालून उजेडाची पट्टी सरकते आणि पलीकडून कोमट पान बाहेर येतं. पावसाळ्यात लोक ते पान क्षणभर दोन्ही तळव्यांत धरतात, मग पिशवीत घालतात. उतारे, जन्मदाखले, मृत्यूचे दाखले, मार्कलिस्ट, जुनी खरेदीखतं. जन्माच्या दाखल्याच्या नकला सगळ्यांत जास्त लागतात, शाळेपासून पेन्शनपर्यंत. एका माणसाच्या जन्माच्या शंभर प्रती मी काढल्या असतील, माणूस मात्र एकदाच जन्मलेला. हे मला कधी विचित्र वाटलं नव्हतं. त्या रात्री वाटलं.

आणि एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. माझी कूस उजवली नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. दवाखाने झाले, यल्लम्माच्या डोंगराला जाऊन आले, मग सगळं थांबलं. आता त्याचं रोजचं दुःख होत नाही. पण एका लग्नघरी मांडवात बसले असताना नात्यातल्या एका बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तुझ्यामागं कोण गं?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी तो 'मागं' शब्द माझ्या अंगाला चिकटला तो चिकटलाच. नक्कल मागं ठेवायची असते, असं त्या म्हणत होत्या. मी तर दिवसाला चारशे नकला काढते.

आपल्या मराठीनं ही दोन कामं वेगळी ठेवली आहेत, असं मला वाटत होतं. जन्माचे शब्द सगळे गोठ्यातले, शेतातले आणि बाळंतिणीच्या खोलीतले. बाई बाळंत होते, म्हैस व्याते, मांजर पिल्लं घालते, केळ निसवते, भात पोटरीला येतं. त्या शब्दांत ओल आहे, वास आहे, जिवाची भीती आहे. म्हैस व्यायची झाली की आमची आई रात्रभर कंदील घेऊन गोठ्यात बसायची आणि दुसऱ्या दिवशी खरवसाची वाटी शेजारी द्यायची. आश्विनातल्या पुनवेला गावातली कन्नड कुटुंबं सीगी हुण्णिमे करतात. पोटरीतल्या पिकाची जमीन म्हणजे गर्भार बाई, म्हणून तिची ओटी भरतात, तिला गोडाधोडाचं जेवण घालतात. याच्या उलट नकलेचे शब्द सगळे फडताळातले: नक्कल, प्रत, उतारा, सत्यप्रत. कोरडे, शिक्का मारलेले. 'पुनरुत्पादन' हा शब्द पुस्तकातून आला खरा, पण त्यातलं 'उत्पादन' कानावर पडलं की मला साखर कारखान्याची चिमणी दिसते, बाळ दिसत नाही. 'प्रजनन' त्यातल्या त्यात बरा, त्यात 'जन' तरी आहे.

इंग्रजी शब्दाचं मूळ पाहिलं तर तेही काही फार वेगळं नाही. लॅटिनमधून आलेलं, पुढं आणणं आणि ते पुन्हा करणं, एवढंच. जिवांच्या गोष्टीत तो शिरला त्याची हकीकत मात्र मला फार आवडते, कारण ती खेकड्यांची आहे. १७१२ साली रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं खेकडे, झिंगे यांच्या तुटलेल्या नांग्या आणि पाय पुन्हा कसे फुटतात ते बघून लिहून ठेवलं. त्या पुन्हा फुटण्याला त्यानं रिप्रोडक्शन म्हटलं. पुढं १७४० च्या सुमाराला ट्रेंबले नावाच्या अभ्यासकानं डबक्यातल्या हायड्रा नावाच्या इवल्या जिवाचे तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्याचा पुरता हायड्रा झाला. आता हा पुन्हा फुटलेला अवयव की नवा जीव, हे सांगणं अवघड झालं. १७४९ साली ब्यूफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं आपल्या मोठ्या ग्रंथात सगळ्याच जिवांच्या जन्माला तो शब्द लावला. म्हणजे छापखान्याच्या प्रती आणि झेरॉक्स या शब्दाला चिकटायच्या आधी तो एका थोट्या खेकड्याचा होता.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या ओढ्यातला खेकडा आठवला. मृगाचा पाऊस पडला की पोरं बांधावरच्या बिळांत हात घालायची. एकदा भावानं धरलेल्या खेकड्याची एक नांगी मोठी काळपट, आणि दुसरी बोटाच्या पेरागत, फिकट, मऊ. मी म्हटलं, याला जन्मतः व्यंग आहे. आप्पा म्हणाले, "तुटलीय ती. नवी फुटालीय." आणि खेकडा सोडून द्यायला लावला. नवी नांगी जुनीसारखी होती, पण जुनी नव्हती. तिचा रंगसुद्धा वेगळा होता.

आप्पा बाँड रायटर होते. कचेरीच्या आवारात झाडाखाली लाकडी पेटी घेऊन बसायचे. 'लिहून घेणार', 'लिहून देणार', चतुःसीमा, साक्षीदार, अंगठे. त्यांचे वडील जुन्या पद्धतीचे लिहिणारे होते, मोडी त्यांच्याकडूनच आप्पांच्या हातात आली. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी ओळ मारून घेतात आणि मग अक्षरं तिच्याखाली टांगतात. आप्पा बाळबोध लिहितानाही तेच करायचे. मला लहानपणी ते दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं दिसायचं. १९५६ साली हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला आणि त्यानंतर इथल्या कचेरीची भाषा हळूहळू बदलत गेली. मराठीतली खतं कमी झाली, तशी आमच्या घरची मिळकतही. तेव्हा तिशी ओलांडलेल्या आप्पांनी पाटी घेऊन कन्नड गिरवायला सुरुवात केली. त्या गोष्टीबद्दल त्यांच्या मनात काय होतं, ते त्यांनी कधी पुरतं सांगितलं नाही. एक नोव्हेंबरला, राज्य बदललं त्या तारखेला, ते घरातून बाहेर पडत नसत आणि दोन तारखेला कन्नड अर्ज लिहायला पेटी घेऊन निघत. कन्नड त्यांनी चांगलं कमावलं. झालं असं की कन्नडचा गोलावा त्यांच्या मराठीत उतरला. कन्नड अक्षराच्या डोक्यावर जो तलकट्टु असतो, शेवटी किंचित वर उचललेला, तसा त्यांच्या शिरोरेषेचा शेवट वर उचलला जाऊ लागला. त्यांचा 'ळ' तर सरळ कन्नड 'ळ'च्या मांडीला मांडी लावून बसायचा.

आज्जांनी हातानं उतरवलेली एक पोथी आमच्याकडं होती. तिच्या शेवटी जुन्या लेखकांचा तो नेहमीचा श्लोक होता, 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया'. जसं पाहिलं तसं लिहिलं, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नका. आप्पा तो वाचून नेहमी म्हणायचे की नकलकाराची सगळी काळजी या एका ओळीत आहे. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवर सांगितलेली टीका हातोहात उतरत उतरत इतकी बदलली की पावणेतीनशेहून जास्त वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांना अनेक प्रती समोर घेऊन पाठ शुद्ध करावा लागला. आणि यापुढं कुणी स्वतःची ओवी यात घालू नये, घालणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवणं, असंही बजावून सांगावं लागलं. कुठं कानाचा दोष, कुठं डोळ्याचा, कुठं लिहिणाऱ्याच्या मनातलं प्रेम उतू गेलेलं. माझा धंदा एकनाथांच्या बाजूचा आहे. माझ्या मशीनमधून निघालेल्या पानात एक मात्रा कमी आली तर माणसाचं वारसाचं काम अडतं.

पण भाचीच्या धड्यात नेमकी उलटी गोष्ट आहे. मी ती रात्री जागून वाचली. डीएनएची, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक लेखाची, प्रत निघते, पण ती कधीच पुरती बिनचूक निघत नाही. त्या चुकांमुळं पुढचा जीव मागच्यापेक्षा थोडा निराळा होतो आणि वेळ फिरली तर त्या निराळेपणावरच जात टिकते. माणसाच्या शरीरातल्या त्या लेखात सुमारे ३ अब्ज अक्षरं आहेत. प्रत्येक बाळ जन्मताना त्यातली साधारण ६०-७० अक्षरं अशी घेऊन येतं, जी आईकडंही नव्हती आणि बापाकडंही नव्हती. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ अंधारात बसले. आम्ही नकलकार जिला चूक म्हणून खोडतो, तिच्यावर सगळी सृष्टी चालली आहे.

पुढच्या रविवारी गावाला गेलो. लावणीची तयारी चालली होती. गोठ्याच्या सावलीत दोघी बायका कोयत्यानं ऊस तोडून दोन डोळ्यांची, म्हणजे कोंब फुटायच्या दोन जागांची, टिपरी करत होत्या. तोडलेल्या उसाचा तो गोडसर, ओला वास. पिंपात बेणेप्रक्रियेचं पाणी. भाचीनं एक टिपरी उचलून डोळ्यावरून बोट फिरवलं आणि बापाला तोच प्रश्न विचारला. भाऊ सातवी शिकलेला, पण त्यानं माझ्यासारखी टाळाटाळ केली नाही. म्हणाला, "ह्यात बाळ न्हाई. ह्ये निस्तं झेरॉक्स. श्याऐंशी बत्तीसचं टिपरं लावलं की श्याऐंशी बत्तीसच येणार." को ८६०३२ ही आमच्या पट्ट्यातली सगळ्यांत ओळखीची जात. शिवारात उभा असलेला तो सगळा ऊस, नदीच्या या काठचा आणि त्या काठचा, एकाच उसाची प्रत. ती मूळ जात मात्र संकरातून झालेली, ६२१९८ आणि ६७१ या दोन जातींच्या. कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात हे काम १९१२ पासून चालू आहे. संकराला फूल लागतं, आणि उसाचं फूल म्हणजे तुरा. आमच्या शेतकऱ्याला तुरा नको असतो, कारण तुरा आला की वाढ थांबते, वजन घटतं. जो ऊस खरोखर व्यायला निघतो तो आम्हाला परवडत नाही.

"मग हेच लावत बसायचं व्हय कायम?" भाची म्हणाली.

"न्हाई जमत. तीन-चार वर्सांनी बेणं बदलाय लागतंय. त्याच-त्याच बेण्यात रोग साठतोय, ऊस बारीक पडतोय."

ती टिपऱ्यांच्या ढिगावर चढली, तसा भाऊ ओरडला, "उतर खाली! काय बेणं हाय बघ ह्ये!" मी दचकले. हा शब्द आम्ही रोज वापरतो. उसाच्या कांडीला बेणं आणि खोडकर पोरालाही बेणं. कौतुकानं म्हणतो, रागानं म्हणतो, शिवी म्हणूनही म्हणतो. आमच्या बोलीनं नक्कल आणि बाळ कधीच एका शब्दात बांधून ठेवलं होतं, आणि मी मराठीची फडताळं लावत बसले होते.

मग असे शब्द मला जागोजाग दिसायला लागले. कलम म्हणजे लिहायची लेखणी आणि कलम म्हणजे हापूसच्या झाडाची केलेली रोपटी. शेजारच्या कन्नड घरी बारसं होतं. पाळण्यात वाकून त्यांची म्हातारी अव्वा म्हणाली, "अप्पन पडियच्चु!" बापाचा हुबेहूब ठसा. त्यातला 'अच्चु' म्हणजे साचा. गुळाच्या वड्या पाडतात तो साचा अच्चु, आणि छपाईलाही अच्चुच म्हणतात. आमच्या देवघरातली लक्ष्मी अशीच साच्यातून आलेली. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या दगडांवरून उतरलेली ही रंगीत चित्रं घराघरांत गेली. आमच्या आज्जीनं ते चित्र निपाणीच्या बाजारात घेतलं होतं म्हणतात. मूळ चित्र घरात कुणीच पाहिलेलं नाही. काचेच्या आत वाळवीनं एक कोपरा खाल्लाय आणि कुंकवाच्या बोटांनी काच तांबूस झालीय. हिची दुसरी प्रत आणून देते म्हटलं तर आई ऐकायची नाही. म्हणायची, "ती ती न्हवं."

आणि मग तो शब्द, जो मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकला असेल. वळण. आप्पा पाटीवर माझा हात धरून गिरवून घ्यायचे तेव्हा म्हणायचे, अक्षराला वळण पाहिजे. पोरांना वळण लागलं पाहिजे, असं आई म्हणायची. आणि बाळ बघायला आलेल्या बायका हमखास म्हणतात, आईच्या वळणावर गेलीय, आज्जाच्या वळणावर गेलाय. अक्षर, संस्कार आणि रक्त, तिन्हीला एकच शब्द. त्यात पुन्हा आणणं नाही, साचा नाही. नदीला असतं तसं नुसतं वळण आहे. वेदगंगा आमच्या मळ्याला वळसा घालून जाते. दर पावसाळ्यात पाणी नवं असतं, वळण तेच. आणि तेही तेच कुठं, भाऊ म्हणतो की आप्पांच्या वेळेपासून काठ पाच-सहा हात आत आलाय.

परवा रात्री आम्ही दोघी पडवीत बसलो होतो. शाळेत मराठी नाही, म्हणून रविवारी मी तिला मराठी लिहायला शिकवते. माझ्याकडं बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या पानांची थप्पी असते, त्यावरच चालतं. मी स्वतः चारचौघांसारखी आधी अक्षरं काढते आणि शेवटी डोक्यावरून रेघ ओढते. तिलाही तसंच दाखवलेलं. पोहे परतायला आत गेले, परत आले तर ती खाली मान घालून लिहीत होती. तिनं कोऱ्या पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी एक आडवी ओळ मारली होती आणि एकेक अक्षर खाली टांगत होती. ओळ जरा तिरकी गेली होती. शेवटाला ती किंचित वर उचललेली.

मी विचारलं, "असं कुणी दाखवलं?"

"कुणी नाही. असं सोपं जातंय."

आप्पा गेले तेव्हा ही जन्मायची होती. पेटीत त्यांचे कागद आहेत, पण पेटी माळ्यावर आहे आणि किल्ली माझ्याकडं असते. कन्नड लिहून लिहून तिच्या बोटांना ते उचलणं लागलं असेल, हे मला कळतं. ओळीच्या वहीची सवय असेल, तेही कळतं. मी ताटली तिच्याशेजारी ठेवली आणि तिच्या 'ळ'कडं बघत राहिले. तो आप्पांच्या 'ळ'सारखा नव्हता. पोट जास्त फुगलेलं, शेपूट आखूड. पण मांडी तीच घातलेली.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊ होता. पावसाचं, पाण्याचं, लावण किती झाली ते बोलला, आणि शेवटी नेहमीसारखं विचारलं, "बेणं काय करालंय?"

"लिहालंय," मी म्हटलं.